कबरस्तानची वही

आमच्या गावच्या जमातीकडे एक वही आहे. लांबट, लाल कापडी पाठीची, दुकानदार उधारीसाठी ठेवतात तशी. गावच्या कबरस्तानात कोणाला कधी दफन केले याची नोंद तीत आहे. पहिली पाने उर्दूत आहेत, पुढची मराठीत. रकाने पाच : तारीख, मय्यतचे नाव, बापाचे किंवा नवऱ्याचे नाव, वय आणि आजार. खाडीच्या दमट हवेने पाने पिवळी पडली आहेत, काहींना वाळवी लागली आहे. तरीही मुतवल्लींनी ती फडक्यात बांधून मशिदीच्या कपाटात जपून ठेवली आहे.

काही वर्षांपूर्वी आम्ही ही वही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. वाचताना दोन गोष्टी ध्यानात आल्या. पुरुषांची नावे पुरती आहेत, बायकांची बहुतेक नाहीत. तिथे 'अमक्याची बीवी' किंवा 'तमक्याची वालिदा' एवढेच आहे. आणि आजाराच्या रकान्यात तेच चार शब्द फिरून फिरून येतात : बुखार, दमा, म्हातारपण आणि अल्लाहची मर्जी.

१९५० नंतरच्या एका पावसाळ्यातली नोंद आहे : अमक्याची बीवी, वय २२, बुखार. मोहल्ल्यातल्या सर्वांत वयस्क खालांना आम्ही ती वाचून दाखवली. त्या चटकन म्हणाल्या, "बुखार कसला? बाळंतीण होती ती. नवव्या दिवशी गेली. खाडीला उधाण, होडी कोण सोडणार? दवाखाना पलीकडच्या काठाला." वहीतला एक शब्द आणि खालांची चार वाक्ये. दोन्हींत तीच बाई आहे. पण पहिल्या नोंदीवरून काहीच करता येत नाही. दुसरीवरून कळते की त्या गावाला होडी, सुईण आणि अलीकडच्या काठाला दवाखाना हवा होता.

कबरस्तानच्या पूर्वेकडे, जांभ्याच्या गडग्याला लागून, एक पट्टा मोकळा आहे. तिथे कोणी कबर खोदत नाही. त्याला 'मरकीची जागा' म्हणतात. तिथे कोण निजले आहेत ते वहीत नाही, कारण तेव्हा वहीच नव्हती. मुंबईहून बोटीने परतलेल्यांनी 'ताऊन' आणला आणि त्यात घरेच्या घरे बसली, एवढेच जुनी माणसे सांगत. ताऊन म्हणजे प्लेग. मरकीच्या जागेचा माग काढायचा तर मुंबईपर्यंत, १८९६ सालापर्यंत जावे लागते. तो माग काढताना आम्हाला असे दिसले की आरोग्याच्या सरकारी तक्त्यात 'मुसलमान' हा रकाना कसा भरला जातो आणि त्यातून माणूस कसा गळतो, याची एक मोठी गोष्ट तिथे दडलेली आहे. ती गोष्ट १८९८ मध्ये संपलेली नाही.

मांडवीपासून सुरुवात

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात तापाने आणि गाठींनी माणसे मरू लागली. मूळचे गोव्याचे डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा ग्रंथिक प्लेग असल्याचे ओळखून ते महापालिकेसमोर मांडले. आज मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा उभा आहे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला म्युनिसिपल कमिशनर स्नो यांनी हुकूम काढला : प्लेगचा संशय असलेल्या कोणालाही जबरदस्तीने रुग्णालयात हलवता येईल, घरे रिकामी करून धुता येतील. २९ ऑक्टोबरला गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. या कामगारांत सर्व जातींचे लोक होते. 'मुसलमान तेवढे औषधाला विरोध करतात' हा समज आजही पसरवला जातो, म्हणून हे मुद्दाम नोंदवतो. भीती धर्म पाहून आली नव्हती.

१८९१ च्या जनगणनेप्रमाणे मुंबईत ८,२१,७६४ माणसे राहत होती. १८९७ च्या फेब्रुवारीपर्यंत त्यांतली पावणेचार लाखांवर शहर सोडून गेली. रेल्वेने घाटावर, बोटीने कोकणात. आमच्या गावी उतरलेले लोक त्यांतलेच. त्याच वर्षी मुंबईहून हजला जाणारी जहाजे बंद झाली. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा मंजूर झाला. जहाजांची, आगगाड्यांची, घरांची आणि माणसांच्या अंगांची झडती घेण्याचा अधिकार सरकारला मिळाला. मार्चमध्ये जनरल गॅटॅकर यांच्या अध्यक्षतेखाली मुंबईत प्लेग समिती नेमली गेली. पुण्यात रँडसाहेबांच्या हाताखालचे सोल्जर घराघरांत शिरले. पुढे काय झाले ते मराठी वाचकाला शाळेपासून ठाऊक आहे.

प्लेग पुढे देशभर पसरला आणि काही दशकांत त्याने एक कोटीहून अधिक माणसे नेली. १९०१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ७,७६,००६ भरली, म्हणजे दहा वर्षांपूर्वीपेक्षाही कमी.

तक्ता कसा भरला गेला

मुंबईचे आरोग्य खाते त्या काळात मृत्यूंचे तक्ते जातवार आणि धर्मवार मांडत असे. जैन, ब्राह्मण, लिंगायत, भाटिया, इतर हिंदू, 'हलक्या जाती', मुसलमान, पारशी, ज्यू, देशी ख्रिस्ती, युरेशियन, युरोपियन अशी ती वर्गवारी होती. हिंदूंना निरनिराळे रकाने मिळाले, मुसलमानांना एकच. त्या एका रकान्यात मांडवीचा मेमन व्यापारी, भेंडीबाजारचा बोहरा दुकानदार, खोजा सावकार, गोदीतला कोकणी खलाशी आणि मदनपुऱ्यातला जुलाहा विणकर एकत्र बसवले गेले. एकाच्या घराला वारा आणि अंगण, दुसऱ्याच्या एका खोलीत माग, चूल आणि आठ माणसे. प्लेग उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो, हे त्या वेळी डॉक्टरांनाही नीट उमगलेले नव्हते. पण गोदामाला लागून असलेल्या कोंदट खोलीत आणि मोकळ्या बंगल्यात मरण सारखे येत नाही, हे पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही. ते पाहायला रकाना हवा होता खोलीचा, धंद्याचा आणि मिळकतीचा. साप्ताहिक तक्त्यात ठळक राहिला तो धर्माचा आणि जातीचा.

मृत्यूंची नोंद तेव्हा स्मशानांत आणि कबरस्तानांतच होत असे. कारण विचारले की घरचे लोक काय सांगणार? प्लेग म्हटले की घराच्या भिंती औषधाने धुतल्या जाणार, कौले काढली जाणार, अंथरूण-पांघरूण जाळले जाणार आणि उरलेल्यांना छावणीत नेले जाणार. म्हणून लोक ताप सांगत, खोकला सांगत. काही जण मय्यत लपवीत. प्लेगचे नोंदलेले मृत्यू आणि त्या वर्षांत नेहमीपेक्षा जास्त झालेले एकूण मृत्यू यांत मोठी तफावत पडे, आणि अधिकाऱ्यांनाही ती दिसत होती. तिचे कारण त्यांनी लोकांच्या अज्ञानात शोधले. आम्हाला ते निराळे दिसते. ज्याला खरे सांगितल्याबद्दल शिक्षा होते तो खरे सांगत नाही. तक्त्यात प्लेगऐवजी 'ताप' लिहिला गेला तेव्हा एका घराने आपले छप्पर वाचवले होते. तक्ता चुकला तो अशा हजारो घरांच्या भीतीमुळे, आणि ती भीती हुकमातूनच आली होती.

पुढे कडक उपाय म्हणून प्रेतांचीही तपासणी होऊ लागली. आपल्या बाईमाणसाच्या मय्यतीला परक्या पुरुषाचा हात लागावा, हे गरिबातल्या गरीब मुसलमानालाही सहन होणारे नव्हते. गुस्ल बायकांनी द्यायचा, चेहरा मेहरमनेच पाहायचा, ही ज्यांची रीत, त्यांच्यावर हा आघात काय असेल ते आमच्या वाचकांना सांगायला नको. ताऊन आलेल्या गावात जाऊ नका आणि त्या गावातून पळू नका, असे हदीसमध्ये सांगितले आहे. ताऊनने मरणाऱ्याला शहीदाचा दर्जाही दिला आहे. म्हणजे साथ आवरण्याची शिस्त आमच्याकडे परकी नव्हती. लोकांना नकोसा झाला होता तो शिस्तीचा अपमानकारक अवतार.

मदनपुऱ्यातली मुलगी

९ मार्च १८९८. प्लेग शोधणारे पथक रिपन रोडवरच्या मदनपुऱ्यात एका जुलाह्याच्या घरी आले. घरात बारा वर्षांची एक मुलगी तापाने पडली होती. पथकाला तिला तपासून रुग्णालयात न्यायचे होते. घरच्यांनी परक्या पुरुषाला तिच्या अंगाला हात लावू देण्यास नकार दिला. शेजारचे विणकर जमले. बाचाबाची झाली, दगड आले, पोलीस आले, गोळीबार झाला. पाहता पाहता दंगा शहराच्या इतर भागांत पसरला आणि त्यात हिंदू कामगारही उतरले. लष्कर बोलवावे लागले. दोन्ही बाजूंची माणसे मेली.

हे जुलाहे म्हणजे मोमीन अन्सारी. उत्तरेत विलायती कापडाने त्यांचे माग बसवले. १८५७ नंतरच्या धामधुमीत कित्येक कुटुंबे दक्षिणेकडे आली आणि मुंबईत, भिवंडीत, मालेगावात स्थिरावली. म्हणजे मदनपुऱ्यातले ते घर आधीच एकदा उखडलेले होते. दुसऱ्यांदा उखडण्याच्या भीतीने ते दाराशी उभे राहिले.

सरकारी लेखी ही 'दंगल' आहे. मृतांचे, जखमींचे, अटकेचे आकडे तिच्याखाली येतात. इतिहासाच्या पुस्तकांतून ती मुलगी 'एका जुलाह्याची बारा वर्षांची मुलगी' म्हणूनच भेटते. तिच्यासाठी एक बाई डॉक्टर पाठवली असती तर? मुंबईत कामा रुग्णालय १८८६ मध्येच सुरू झाले होते आणि तिथे बाया डॉक्टर होत्या. उपाय शहरातच होता. मदनपुऱ्याच्या जिन्यापर्यंत तो पोहोचला नाही. या दंग्यानंतर आणि देशभरच्या असंतोषानंतर सरकारने जबरदस्ती हळूहळू सैल केली, जातवार आणि जमातवार खासगी प्लेग रुग्णालयांना वाव दिला, घरच्यांना रुग्णाजवळ राहू दिले. जे शहाणपण गोळीबारानंतर आले ते आधी येऊ शकले असते.

याच्या जवळजवळ एक वर्ष आधी, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले प्लेगनेच गेल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातला एक आजारी मुलगा पाठीवर घेऊन त्या यशवंतरावांच्या दवाखान्यात आल्या, त्यातून त्यांना लागण झाली. त्या मुलाचे नाव पांडुरंग गायकवाड होते हे आज शाळेतली मुले सांगतात. गरीब, दलित, प्लेगने आजारी, तरी त्याचे नाव राहिले, कारण सत्यशोधक मंडळींनी ती गोष्ट सांगितली आणि पुढच्यांनी सांगत ठेवली. मदनपुऱ्यातल्या मुलीची गोष्ट पोलिसांच्या इतिहासात गेली. आपल्यापैकी कोणी ती मराठीत किंवा उर्दूत जिव्हाळ्याने सांगत ठेवली असती, तर तिच्या नावाची जागा अशी रिकामी राहिली नसती. हा दोष इंग्रजांवर ढकलून चालणार नाही.

एकाच रकान्यातले दोन मोहल्ले

याच काळात त्याच शहरात, त्याच 'मुसलमान' रकान्यात, एक वेगळी गोष्टही घडत होती. वाल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात निम्म्या कैद्यांना ती देण्यात आली. लस न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, घेतलेल्यांत दोघांना. आकडे बोलके होते, तरी लोकांचा विश्वास बसेना. तुरुंगातल्या माणसाचा होकार तो किती खरा, ही शंका आजही घेता येईल.

विश्वास बसवला तो एका माणसाच्या वागण्याने. खोजा इस्माइली जमातीचे इमाम तिसरे आगाखान तेव्हा वीस वर्षांचेही नव्हते. त्यांनी सर्वांसमक्ष लस टोचून घेतली, हाफकिन यांना कामासाठी जागा दिली आणि जमातीला लस घ्यायला सांगितले. जमातीतील हजारोंनी ती घेतली. जमात घट्ट बांधलेली असल्याने कोणी लस घेतली, कोणी नाही, कोण आजारी पडले, हे माणसागणिक कळत होते. म्हणून हाफकिन यांच्या हिशोबात मुंबईच्या खोजा जमातीचे आकडे पुरावा म्हणून आले. इथे माणूस आणि आकडा एकमेकांना धरून उभे होते, कारण मोजणारा आणि मोजला जाणारा यांच्यात विश्वास होता.

खोजा मोहल्ला आणि मदनपुरा. दोन्ही मुसलमान, अंतर फार तर अर्ध्या तासाच्या चालीचे. एकीकडे पैसा, शिक्षण, आपला नेता आणि आपली यादी. दुसरीकडे एक खोली, एक माग आणि दारात शिपाई. 'मुसलमानांत प्लेगचे मृत्यू इतके' हे वाक्य दोघांबद्दलही काही सांगत नाही. पुढच्या सव्वाशे वर्षांत आमच्याबद्दल जे जे आकडे आले ते वाचताना आम्हाला हे दोन मोहल्ले आठवतात.

दोन बेरजा

६ सप्टेंबर २००४ रोजी २००१ च्या जनगणनेचे धर्मवार आकडे जाहीर झाले. मुसलमानांची दशवार्षिक वाढ ३६ टक्के, असे मथळे दुसऱ्या दिवशी छापून आले. १९९१ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये जनगणनाच झाली नव्हती, २००१ मध्ये झाली. म्हणजे एका बाजूला ते राज्य नव्हते, दुसऱ्या बाजूला होते, आणि त्यांची वजाबाकी करून 'वाढ' काढली गेली. दुरुस्तीनंतर तो आकडा २९ टक्क्यांच्या आसपास आला, आणि आधीच्या दशकापेक्षा वाढीचा वेग कमी झाल्याचे दिसले. पण मथळा पहिल्या पानावर आणि खुलासा आतल्या पानावर. आजही चहाच्या टपरीवर ऐकू येतो तो पहिला आकडा.

त्याच सुमाराचा दुसरा एक आकडा मात्र फारसा कोणाला ठाऊक नाही. १९९८-९९ च्या दुसऱ्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हजार जन्मांमागे अर्भकमृत्यू हिंदूंमध्ये सुमारे ७७ आणि मुसलमानांमध्ये सुमारे ५९ होते. सरासरीने मुसलमान अधिक गरीब, त्यांच्यात शिक्षण कमी, तरी त्यांची तान्ही मुले जास्त जगत होती. संशोधकांनी कारणे शोधली तेव्हा एक साधी गोष्ट पुढे आली : मुसलमान वस्त्यांत उघड्यावर शौचाला जाण्याचे प्रमाण कमी होते, त्यामुळे शेजारच्या मुलांनाही रोगराई कमी होती. हा आकडा फुशारकी मारण्यासाठी नाही. पण 'अस्वच्छ मोहल्ला' म्हणून हिणवणाऱ्याला तो शांतपणे दाखवता येतो. आणि शेजाऱ्याच्या सवयीने आपले मूल जगते किंवा मरते, हा धडा दोघांनाही सारखाच लागू आहे. जननदराचेही तसेच. त्याच पाहणीत मुसलमान स्त्रीमागे ३.५९ मुले होती, २०१९-२१ च्या पाहणीत ती २.३६ वर आली. मुली शिकल्या तसा आकडा उतरला. शिकलेल्या प्रत्येक मुलीमागे एक आई असते, जिने घरच्यांशी वाद घातलेला असतो. ती या दशांशात दिसत नाही.

म्हणून धर्माचा रकाना असूच नये, असे आम्ही म्हणत नाही. तो नसता तर नोव्हेंबर २००६ चा सच्चर समितीचा अहवाल लिहिताच आला नसता. शाळा, बँक, नोकरी, दवाखाना, यांत आपण किती मागे आहोत ते त्या रकान्यामुळेच सिद्ध झाले. महाराष्ट्रातही महमूदुर रहमान अभ्यासगटाने तेच काम पुढे नेले. प्रश्न रकाना कोणत्या हेतूने वाचला जातो याचा आहे. कुठे दवाखाना कमी पडला हे शोधायला वाचला तर तो न्यायाचे साधन होतो. कोणी रोग आणला हे ठरवायला वाचला तर तोच आरोपपत्र होतो.

२०२०

हा फरक किती जीवघेणा आहे ते २०२० मध्ये पुन्हा दिसले. कोरोनाच्या पहिल्या आठवड्यांत केंद्रीय आरोग्य खात्याच्या रोजच्या निवेदनात दिल्लीच्या तबलीगी मरकजशी संबंधित रुग्णांची संख्या वेगळी सांगितली जाऊ लागली. १८ एप्रिलला सांगण्यात आले की १४,३७८ रुग्णांपैकी ४,२९१ त्या मेळाव्याशी संबंधित आहेत. बेरीज खरी असेल, पण तिच्यामागची रीत पाहिली पाहिजे. देशात तपासण्या तेव्हा फार थोड्या होत होत्या. एका गटाचे लोक आणि त्यांच्या संपर्कातले लोक शोधून शोधून तपासले गेले. जिथे दिवा न्याल तिथेच उजेड दिसणार. मेळावा भरवण्यात बेफिकिरी झाली असेल, तर ती जरूर सांगावी. पण त्या आकड्याने गल्लीतल्या भाजीवाल्याला नाव विचारून हाकलले जाऊ लागले, तेव्हा तो आरोग्याचा आकडा राहिला नाही. रुग्णांची धर्मावरून वर्गवारी करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या मायकेल रायन यांनी त्याच एप्रिलमध्ये सांगितले. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने परदेशी तबलीगींवरचे गुन्हे रद्द करताना, त्यांना बळीचा बकरा केले गेले असे स्पष्ट नोंदवले. आकडा दोन आठवड्यांत देशभर गेला, निकाल यायला चार महिने लागले.

३० मार्च २०२० रोजी मुंबई महापालिकेने परिपत्रक काढले की कोरोनाने मेलेल्या सर्वांचे दहन करावे, धर्म कोणताही असो. काही तासांत ते बदलले गेले आणि मोठ्या कबरस्तानांत दफनाला परवानगी मिळाली. मे महिन्यात उच्च न्यायालयाने वांद्र्याच्या दफनाविरुद्धची याचिकाही फेटाळली. १८९८ मध्ये जे गोळीबारानंतर कळले ते या वेळी एका दिवसात कळले, ही प्रगतीच म्हणायची. त्याच मुंबईत मुस्लिम तरुणांनी नातेवाईक पुढे न आलेल्या हिंदू मृतांचे अंत्यसंस्कारही केले, हेही तक्त्याबाहेरचे सत्य आहे.

आणि मालेगाव. मदनपुऱ्यातल्या विणकरांचेच हे भाऊबंद. एप्रिल २०२० मध्ये मालेगावच्या मोठ्या कबरस्तानात दफन झालेल्यांची संख्या आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा कितीतरी जास्त भरली. सरकारी कोरोना मृत्यूंचा आकडा त्या मानाने लहान होता. मग बाकीचे कशाने गेले? खासगी दवाखाने बंद होते. मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार, दमा असलेल्यांना नेहमीचा उपचार मिळेना. पोलिसांची आणि विलगीकरणाची धास्ती होतीच. ही हानी कोणत्या वहीत दिसली? कबरस्तानच्या. पत्रकार ती वही पाहायला गेले, प्रशासनालाही तिची दखल घ्यावी लागली, बंद दवाखाने उघडायला लावले गेले. सव्वाशे वर्षांपूर्वी मुंबईच्या कबरस्तानच्या दारात भीतीने खोटे कारण सांगितले जात होते. मालेगावात त्याच दारातल्या वहीने खरे सांगितले. फरक एवढाच की ही वही जमातीची स्वतःची होती.

आपल्या वहीचे काय?

म्हणून आम्ही पुन्हा आमच्या गावच्या वहीकडे येतो. सरकारी तक्त्याने आमचे सगळे मोहल्ले एका रकान्यात कोंबले, ही आमची तक्रार रास्त आहे. पण आम्ही आमच्या वहीत आमच्याच बायकांची नावे लिहिली नाहीत. यंत्रमागाच्या गावांत 'दमा' या शब्दाखाली क्षय किती आणि कापसाच्या धुळीने पोखरलेली फुप्फुसे किती, ते आम्ही विचारले नाही. बाळंतपणात गेलेली पोर 'बुखार' झाली. अल्लाहची मर्जी म्हटले की होडी का नव्हती हा प्रश्नच उरत नाही. मर्जी त्याचीच, पण होडी बांधणे आपल्यावर सोपवलेले होते.

आमची सूचना साधी आहे. प्रत्येक जमातीने कबरस्तानची वही नीट ठेवावी. मय्यतीचे स्वतःचे नाव लिहावे, मग ती बाई असो की एका दिवसाचे मूल. धंदा लिहावा. आजार घरच्यांना मायेने विचारून लिहावा, आणि त्या उत्तराचा कोणाला त्रास होणार नाही याची हमी द्यावी. वर्षातून एकदा गावच्या डॉक्टरला किंवा आशाताईला ती दाखवावी. आणि मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्या बायांजवळ बसून ऐकावे, कारण नोंदीच्या मागची हकीकत त्यांच्याकडे आहे. त्या गेल्या की आपल्यापाशी 'बुखार' एवढाच शब्द उरेल.

बावीस वर्षांच्या त्या बाईचे नाव आम्ही खालांना विचारले. त्यांना आठवायला वेळ लागला. त्यांनी आधी तिच्या माहेरचे गाव सांगितले, मग तिच्या हातच्या सांदणांची आठवण सांगितली, आणि मग नाव सांगितले. मुतवल्लींच्या परवानगीने आम्ही ते वहीतल्या त्या ओळीशेजारी लिहिले, आणि 'बुखार'च्या पुढे 'बाळंतपणानंतर'. ते नाव आम्ही इथे छापत नाही. तिची मुलगी हयात आहे. त्या नवव्या दिवशी ती नऊ दिवसांची होती. आईचे नाव छापायचे की नाही, ते तिने ठरवायचे आहे. येत्या ईदला तिच्याकडे जाऊन आम्ही तिला विचारणार आहोत.